जुन्या जाकिटाची पट्टी

जुने कपडे आपण बोहारणीला देतो आणि पातेलं घेतो. पण काही जुने कपडे पैसे मोजून विकत घेणारे, जपून ठेवणारे हौशी लोकही असतात. असंच एक म्हणजे पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघाचं ट्रॅक जाकीट.

या संघानं १९७४ साली म्युनिकमध्ये नेदरलँड्सला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला. कप्तान होता फ्रान्झ बेकेनबाउअर. आदिदास कंपनीनं १९६७ साली त्याच्या नावानं ट्रॅकसूट काढला होता, बाहीवर तीन पट्टे असलेला.

जाकीट जुनं आहे हे कसं ओळखायचं? आतली पट्टी बघायची. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले. पट्टीवर ‘पश्चिम जर्मनीत तयार’ असं असेल, तर ती त्याआधीची. पण पट्टी दुसऱ्या कपड्याचीही लावता येते. म्हणून दोऱ्याचा रंग आणि सुईची जुनी भोकं बघायची. हे तर आपल्याला चांगलंच कळतं!

चेन बिघडली की आम्ही शिवणाऱ्या बायका नवी बसवतो. इथं मात्र मूळ चेन, मूळ बिल्ला गेला की किंमत उतरते. बदललं असेल तर सांगूनच विकायचं. लपवलं तर ती फसवणूक.

त्या पट्टीवर देशाचं नाव असतं, शिवणारीचं नसतं. आपल्या पेटीतल्या गोधडीचं तसं होऊ नये. कुणी शिवली, कधी शिवली, ते चिठ्ठीवर लिहून आजच तिच्या घडीत ठेवू या.