शिवडीचा किल्ला आणि त्याचे जतन
(परळ येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परळ-लालबागच्या श्रोत्यांपुढे किल्ल्यांविषयी बोलायचे म्हटले की रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग ही नावे आपोआप ओठांवर येतात. आज मी आपणांस इतक्या दूर नेणार नाही. हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, बंदराकडे तोंड करून एक किल्ला उभा आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो आतून पाहिला असेल, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

गिरगावातील जुनी माणसे फोर्टमध्ये जाताना ‘कोटात जातो’ असे म्हणत. त्या कोटाचे तट १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत, शहराच्या वाढीसाठी पाडण्यात आले. शिवडीचा तट मात्र त्या वेळी कोणाच्या वाटेत आला नाही आणि म्हणून तो वाचला.

१६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिली. भाडे स्वस्त होते, पण बेट सुरक्षित नव्हते. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी सुरू केली. ती रोखण्याचे इंग्रजांचे प्रयत्न फसले. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे मांडले आणि त्याच १६८० मध्ये कंपनीने शिवडीचा किल्ला बांधला. पूर्व किनाऱ्यावर टेहळणी करणे हे त्याचे काम होते.

ते काम कसोटीच्या वेळी साधले नाही. सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडून औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला आणि १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. शिवडी पडली, माझगाव पडले, आणि इंग्रज कोटात कोंडले गेले. अखेर कंपनीने बादशहाची क्षमा मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० मध्ये सिद्दीने मुंबई सोडली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. हा तर परक्या कंपनीचा किल्ला. आपला पैसा आपल्या गडांवर खर्च व्हावा, यावर कशाला? आक्षेप घेणाऱ्यांची भावना मी जाणतो. परंतु जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले दाखल झाले, त्यांत खांदेरी आहे. खांदेरीमुळे मुंबईकर इंग्रज किती अस्वस्थ झाले असतील, हे समजण्यासाठी त्यांच्या बाजूच्या पहाऱ्याच्या जागाही शाबूत हव्यात. शिवाय मुंबईचे रहिवासी म्हणून हा आपल्याच गावाचा इतिहास आहे.

किल्ला लहान आहे. प्रवेश सरळ न ठेवता काटकोनात वळविला आहे, म्हणजे शत्रूला थेट मुसंडी मारता येऊ नये. आत अंगण, पंचकोनी दालन आणि घुमटाकार छताची लांब ओवरी आहे. लढाईची गरज संपल्यावर येथे कैदी ठेवले गेले, पुढे पोर्ट ट्रस्टचे गुदाम झाले.

आता हा किल्ला पुन्हा नव्यासारखा उभारावा की आहे त्या स्थितीत टिकवावा? फ्रान्समध्ये दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. सतराव्या शतकात उद्ध्वस्त केलेला पिएरफाँचा किल्ला १८५७ पासून वास्तुतज्ज्ञ व्हिओले-ल-द्यूक याने जवळजवळ नव्याने उभा केला. तो देखणा आहे. पण त्यातले मध्ययुगातले किती आणि त्याच्या कल्पनेतले किती, हा वाद आजही चालतो. त्याच भागातील कूसीचा प्रचंड बुरूज जर्मन सैन्याने १९१७ मध्ये सुरुंगाने उडविला. तेथील अवशेष अवशेष म्हणूनच राखले गेले. शिवडीसाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

पण ‘आहे तसे राखणे’ म्हणजे काहीच न करणे नव्हे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा सोसणाऱ्या दगडी भिंतीत पाणी शिरणारच. ते बाहेर पडण्यास वाट हवी. जुना चुना ती वाट देतो. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा घालण्याची आपल्या गवंड्यांची रीत होती. सिमेंटने सांधे भरले की पहिली दोन वर्षे काम चकचकीत दिसते. मग आत अडकलेले पाणी क्षारांसह दगडच पोखरू लागते. घाईच्या दुरुस्तीने वास्तूंचे जितके नुकसान होते, तितके पुष्कळदा दुर्लक्षानेही होत नाही, असे माझे मत आहे. चुन्याचे काम जाणणारे कारागीर कमी आहेत. तेव्हा प्रश्न केवळ निधीचा नाही, त्या हातांचाही आहे.

कायद्याचे छत्र आहे. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम आहे, १९९५ पासून मुंबईसाठी वारसा नियमावली आहे आणि तीत हा किल्ला प्रथम श्रेणीत मोडतो. त्याची देखभाल राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी शिवडीच्या खाजणावर आपण मुलांना घेऊन जाता. त्या दिवशी अर्धा तास आधी निघून टेकडी चढावी. २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि त्याच्या कितीतरी आधीचा हा तट एकाच वेळी पाहता येतील. तटावर पिंपळाचे रोप दिसल्यास ते स्वतः उपटू नये. वरचा शेंडा हाती येतो, मूळ आतच राहते आणि सांधा अधिक सैल होतो. जागेची नेमकी खूण लिहून संचालनालयास कळवावे.