पैसा कुणाचा, जोखीम कुणाची?

पिंपळगाव राजात आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

आधी तुमच्या आईवडिलांना नमस्कार. त्यांच्यातले बरेच जण पराटीतलं काम टाकून आले असतील, म्हणून लांबड लावत नाही.

तुमच्या पदवीवरच्या विद्यापीठाच्या नावात संत गाडगे बाबा आहेत. बाबांनी लोकांकडून पैसा उभा केला, पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःजवळ चिंध्या नि गाडगं एवढंच ठेवलं. कर्ज काढून सण करू नका, हे ते कीर्तनात बजावून सांगत. लोकांच्या पैशाला हात लावणारा माणूस कसा असावा, हे त्यांच्याकडून शिकावं. मी आज त्याच पैशाबद्दल बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून कमावतच नाही, तर कर कुठला भरणार? खिशातला मोबाईल काढा. २९९ रुपयांचं रिचार्ज मारलंत, तर १८ टक्के जीएसटीच्या हिशेबानं त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कराचे असतात. साबण, चप्पल, वडिलांच्या मोटारसायकलचं पेट्रोल, सगळीकडे कुठला ना कुठला कर आहेच. तुम्ही करदाते आहातच. सरकारनं अमुक दिलं, तमुक दिलं असं ऐकलंत, की ते कुणाच्या खिशातून दिलं हा पुढचा प्रश्न तुमचा.

मी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा माणूस. लाल बिल्ला लावून मोर्चात चाललेला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मला आजही पुरते. माझं म्हणणं साधं आहे: जो निर्णय घेतो, त्याच्या चुकीचा भुर्दंड त्यालाच बसला पाहिजे. सरकार असो की कंपनी, निर्णय आणि भुर्दंड यांचं हे नातं तुटलं की लोकांचा विश्वास उडतो.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापारी शेतकऱ्याला नाडत होते, हे खरंच होतं. त्यावर उपाय असा निघाला, की कापूस फक्त पणन महासंघालाच विकायचा आणि खासगी खरेदी गुन्हा. पुढे काय झालं ते तुमच्या आजोबांना विचारा. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, रात्र गाडीखालीच. ग्रेडर गठ्ठ्यात हात घालून मूठभर कापूस काढी, उजेडात धरी आणि एका शब्दात वर्षभराच्या मेहनतीचा दर्जा ठरवून टाकी. मग महिनोन्‌महिने गावात एकच विचारणा, “चुकारा भेटला का?” स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपलीकडे मध्य प्रदेशात नेऊन विकणारा शेतकरी कायद्यानं चोर ठरला. महासंघाचा तोटा वाढत गेला आणि तो राज्याच्या तिजोरीनं, म्हणजे आपणच, भरला. शेवटी २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला दार उघडलं. या तीस वर्षांत एखाद्या मंत्र्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या घरचा एक रुपया तरी बुडाला का?

दुसरं उदाहरण नांदुरा तालुक्यातलं. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकात मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च चारशे कोटींच्या आत होता. आज मान्यता तेरा हजार कोटींच्या पुढे गेली आहे. पाणी हवं, यात वाद नाही. पण खर्च तीस पटींहून जास्त वाढतो आणि त्यापायी कुणाची झोप उडत नाही. झोप उडते ती बुडीत क्षेत्रातल्या माणसाची. गाव उठणार म्हणून तो घराला चुनाही लावत नाही आणि नवं घर कधी मिळेल, तेही त्याला कळत नाही.

आता कुणी म्हणेल, हे गृहस्थ कंपन्यांचे वकील दिसतात. म्हणून दाभोळच्या वीज प्रकल्पाकडे येतो. एन्‌रॉन या अमेरिकी कंपनीचा करार स्पर्धात्मक निविदा न मागवता झाला. वीज घ्या वा न घ्या, वीज मंडळानं ठरलेला आकार भरायचा. वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारनं करार मोडला, पुढच्याच वर्षी तो पुन्हा केला. १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. याला बाजार म्हणू नका. बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं आणि माल खपला नाही तर दुकानदार बुडतो. इथे गिऱ्हाईक एकच, बांधलेलं, आणि तोटा सरकारच्या नावे. गंमत बघा, त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्‌रॉनचं दिवाळं वाजलं. हिशेबातली लबाडी उघड झाली तेव्हा भागधारक पळाले, तिचे लेखापरीक्षकही धुळीला मिळाले. जिथे हमी नव्हती तिथे शिक्षा झाली. जिथे हमी होती तिथे बिल आपल्या नावे आलं. सरकारच्या दारात बसून नफा खाणारा उद्योगपती मला सरकारी बाबूइतकाच नकोसा आहे.

मग सरकार नकोच का? तसं नाही. न्यायालय हवं, पोलीस हवेत, काटा खरा आहे की नाही हे तपासणारा निरीक्षक हवा. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांनी माणसं जगवली, हे मी कोणत्याही तत्त्वासाठी नाकारणार नाही. पुढे रोजगार हमी योजनेसाठी व्यवसाय कर आला, म्हणजे पैसा कशासाठी घेतला ते सांगून घेतला. एवढा प्रामाणिकपणा प्रत्येक योजनेत असता, तर मला इथे बोलायला विषयच उरला नसता.

विश्वास कायद्यानं छापता येत नाही. जवळच खामगाव आहे. तिथल्या चांदीचं नाव दूरवर गेलं, ते पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध माल दिल्यामुळे. खोटी चांदी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेढीवर जातं. ही भीती सराफाला सरळ ठेवते. आपल्या पुढाऱ्याला आणि अधिकाऱ्याला अशी कोणती भीती आहे?

ती भीती तुम्ही निर्माण करायची. महाराष्ट्रानं २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, देशानं २००५ मध्ये. अर्जाला दहा रुपये लागतात. येत्या ग्रामसभेला जा, वित्त आयोगाचा निधी किती आला ते विचारा, रस्त्याच्या बिलाची प्रत मागा आणि तो रस्ता पायानं मोजा. खासगी कंपनीला हा कायदा लागू नाही, पण तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात पाहता येतात. वाणिज्य शाखेच्या पोरांनो, ताळेबंद वाचायला तुम्ही शिकला आहात, तर गावालाही वाचून दाखवा.

तुमच्यातलं कुणी तहसीलदार होईल, कुणी जिनिंग टाकेल, कुणी कृषी केंद्र चालवेल. त्या खुर्चीवर बसाल तेव्हा सवलत मागण्याआधी स्वतःची वही उघडी ठेवा. ज्याला हिशेब द्यायची लाज वाटत नाही, त्यालाच तो दुसऱ्याकडे मागायचा हक्क आहे. आजपासून तो हक्क वापरायला लागा.