पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हा कासवर काय होतं?

कासला जाऊन रील काढली असेलच. आज बोलूया पायाखालच्या दगडाबद्दल.

साताऱ्याजवळचं कास पठार म्हणजे जांभ्याचा सडा. उंची साधारण 1200 मीटर, 2012 पासून जागतिक वारसास्थळ. माती मात्र बऱ्याच ठिकाणी जेमतेम बोटभर. गंमत म्हणजे कोरड इथल्या वनस्पतींना नवी नाही. पाऊस गेला की सडा कित्येक महिने कोरडाठाक असतो. तेवढे दिवस वायतुरा चिखलात कंद लपवून बसतो (हो, इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा, म्हणून वायतुरा!). सीतेची आसवं बी होऊन पडून राहतात.

घोळ होतो तो ऐन जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडला की. खोल मातीतलं गवत ओलीवर तग धरतं. इथलं डबकं बघता बघता आटतं. वायतुऱ्याने कंदातली शिदोरी पानांवर खर्च केलेली असते. ती भरून निघायच्या आत पानंच वाळतात. एखादं वर्ष तो निभावून नेईलही. पण सीतेची आसवं एकाच हंगामाची. बी धरण्याआधी रोप गेलं, तर भिस्त मातीतल्या जुन्या बियांवर. असे खंड लागोपाठ पडले तर?

हवामानबदलात भीती याचीच आहे: मोजके दिवस धो-धो, मध्ये उघडीप. म्हणून 'पावसाने सरासरी गाठली' ही बातमी सड्यासाठी मला तरी फारशी कामाची वाटत नाही.

हिमालयात वनस्पतींना वर सरकायला जागा असते. कास म्हणजे माथाच. वायतुरा जगात फक्त सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांवर आहे, आणि पुढचा सडा दरीपलीकडे.

टोपली कारवीचं सात वर्षांचं गणित वेगळंच, ते पुढच्या भागात.