चिल्लर आणि फोनची कोठी



हल्लीं कोणत्याहि सुशिक्षित घरांत दोन पक्ष असतात, आणि ते राजकारणावरून पडलेले नसतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, नाण्यांचे दिवस संपले. खिसा फाडणारें तें ओझें आतां कशाला वागवावयाचें? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, फोन हें अखेर यंत्र आहे आणि यंत्र केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. हातावर पडलेलें नाणें तेवढें खरें. पहिल्या पक्षांत बहुधा नातवंडें असतात, दुसऱ्यांत आजी-आजोबा, आणि घरचा कर्ता पुरुष दोघांनाहि 'बरोबर आहे' म्हणून आपल्या कामाला निघून जातो. या वादांत न्यायाधीश होण्याचा अधिकार मला कोणीं दिलेला नाहीं. परंतु सारा जन्म मुलांना हिशेब शिकविण्यांत गेल्यामुळें मोजणीच्या या गोष्टीवर चार शब्द बोलावेसे वाटतात.

नाणें बदलतें, लहान नाणें मरतें, हें कांहीं आजचें नवल नव्हे. १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत, चौसष्ट पैसे होत आणि एकशेंब्याण्णव पया होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. पुढें १९६४ सालीं त्यांतला 'नये' हा शब्द गळला. आमच्या पिढीनें चौकोनी पांच पैसे पाहिले, षट्कोनी तीन पैसे पाहिले, आणि ३० जून २०११ नंतर पावलीसह तिच्या खालचीं सर्व नाणीं कायद्यानेंच निकालांत निघालेलींहि पाहिलीं. पन्नास पैशांचें नाणें अद्याप कायद्यानें चालतें. बाजारांत मात्र तें पुढें केलें तर दुकानदार आपल्याकडे पाहून हंसतो. पई गेली, आणा गेला, तरी आपण 'सोळा आणे खरें' म्हणावयाचें सोडलें नाहीं, आणि एका पईची चूक शोधण्यासाठीं रात्रभर वह्या धुंडाळणाऱ्या व ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविणाऱ्या एकनाथांची कथा सांगतांना 'पई म्हणजे काय हो?' असें विचारणाऱ्या मुलाला थांबून तें समजावून द्यावें लागतें, एवढाच काय तो फरक.

तेव्हां नातवंडांचा पक्ष म्हणतो त्यांत तथ्य आहेच. यूपीआयची व्यवस्था एप्रिल २०१६ मध्यें सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्यावर ती लोकांच्या हातीं भराभर गेली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत देशांत तिच्याद्वारें दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतवारीच्या ठोक व्यापाऱ्यापासून तर्रीपोह्याच्या गाडीपर्यंत सर्वत्र तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन टांगलेला दिसतो. एक गोष्ट मला विशेष गमतीची वाटते. पूर्वीं रुपया वाजवून घेण्याची रीत होती; दगडावर टाकला कीं खणखणीत आवाज आला पाहिजे. आतां दुकानदाराजवळ एक डबी असते, आणि पैसे पोंचले कीं ती डबी रक्कम मोठ्यानें सांगते. म्हणजे नाणें गेलें, पण वाजवून घेणें कांहीं सुटलें नाहीं! शिवाय सुटे नाहींत म्हणून दुकानदार बळेंच हातावर गोळी ठेवीत असे, तो जुलूम बंद झाला याबद्दल मी फोनचा मनापासून ऋणी आहें.

पण या सोयींत मुलांचें एक शिक्षण बुडालें. दुकानदार चिल्लर परत देतांना वजाबाकी कधींच करीत नाहीं, हें आपण पाहिलें असेल. सदतीस रुपयांचा माल घेऊन आपण शंभराची नोट दिली, तर तो एक रुपया ठेवून 'अडतीस' म्हणतो, दोन ठेवून 'चाळीस', दहा ठेवून 'पन्नास', आणि पन्नासाची नोट ठेवून 'शंभर' म्हणून मोकळा होतो. बेरजेनें वजाबाकी करण्याची ही युक्ति पाठ्यपुस्तकांतून शिकवितांना मला आठवडा लागे. वाण्याच्या दुकानीं पाठविलेलें पोर ती एका महिन्यांत आपोआप उचलीत असे. फोनवर अचूक सदतीसच रुपये जातात, परत कांहींच येत नाहीं, आणि म्हणून पोराला मोजावयाचेंहि कांहीं उरत नाहीं.

आतां ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो तिच्याकडे वळतों. दहा रुपयांचें नाणें आपल्या विदर्भांत अनेक ठिकाणीं अजूनहि घेत नाहींत. 'चालत नाहीं' एवढें एकच उत्तर. कां चालत नाहीं, तें सांगणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. या अफवेचें मूळ असें कीं, रुपयाचें आजचें चिन्ह जुलै २०१० मध्यें स्वीकारलें गेलें. त्यापूर्वींच्या नाण्यांवर तें असणें शक्यच नव्हतें. पुढें चिन्हाचीं आणि बिनचिन्हाचीं, दहा रेघांचीं आणि पंधरा रेघांचीं अशीं निरनिराळीं नाणीं एकाच वेळीं हातांत येऊं लागलीं, आणि लोकांनीं ठरविलें कीं यांतलें एक खोटें असलें पाहिजे. जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेनें प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केलें कीं, तोंवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत आणि सर्व चालतात. शंका असणाऱ्यांसाठीं १४४४० हा क्रमांकहि दिला. २०११ च्या नाणे-कायद्याप्रमाणें एक रुपया व त्यावरील नाण्यांनीं हजार रुपयांपर्यंतचें देणें फेडतां येतें. रिझर्व्ह बँकेची इमारत आपल्या संविधान चौकांत डोळ्यांसमोर उभी आहे. आणि तिच्यापासून हांकेच्या अंतरावर कोणी पानवाला तिनेंच बाजारांत आणलेलें नाणें खोटें ठरवितो!

सुशिक्षित घरांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते, कारण आपण फोन पुढें करून वेळ मारून नेतों. ज्याच्याजवळ फोन नाहीं, असला तरी जुना बटणांचा आहे, आणि दिवसाच्या मजुरींत ज्याला पांच-सात नाणीं मिळालीं आहेत, त्याच्या मजुरीचा तेवढा भाग त्या 'चालत नाहीं' नें बुडतो. बटणांच्या फोनावरूनहि पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली आहे हें खरें. परंतु संध्याकाळीं तेल-मीठ घ्यावयास उभ्या राहिलेल्या बाईच्या मुठींतलें नाणें त्यामुळें चालूं लागत नाहीं.

नाण्याचा आणखी एक गुण डोळस माणसाच्या ध्यानांत येत नाहीं. ७ मार्च २०१९ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं आपल्या नागपूरच्या मेट्रोचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, अंध व्यक्तींना ओळखतां यावीं अशीं नवीं नाणीं दिल्लींत प्रसिद्ध झालीं. एकापासून दहापर्यंत किंमत वाढेल तसा आकार वाढत जातो. वीस रुपयांचें नाणें तर बारा कोनांचें केलें आहे, बोट फिरवितांच कळावें म्हणून. उलट फोनची कांच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. फोनहि आतां बोलून दाखवितो, आणि नोट कितीची आहे हें ऐकविणारी 'मणि' नांवाची सोय रिझर्व्ह बँकेनें २०२० च्या जानेवारींत फोनवरच करून दिली, हें मी विसरलों नाहीं. तरी दोन रुपये कोणते आणि पांच कोणते हें बोटांनींच समजणें, आणि तें यंत्राच्या तोंडून ऐकणें, यांत अंतर आहेच.

आतां फोनच्या कोठीकडे येऊं. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर गृहस्थांचे पैसे एके दिवशीं औषधाच्या दुकानांत कांहीं केल्या जाईनात. बँकेंत शिल्लक होती, फोनला विजेची भरणी होती. अखेर एका तरुणानें पाहून सांगितलें, "काका, फोनमध्यें जागाच नाहीं." जागेचा आणि पैशांचा संबंध काय, असा त्यांना प्रश्न पडला. संबंध असा कीं, पैसे देण्याचीं ॲपें सुरक्षिततेसाठीं वरचेवर नवीं करून घ्यावीं लागतात. कोठींत जागा नसेल तर नवी आवृत्ति उतरत नाहीं, आणि जुनी कांहीं दिवसांनीं काम करीनाशी होते. त्या गृहस्थांची कोठी कशानें भरली होती? रोज सकाळीं येणाऱ्या 'सुप्रभाता'च्या गुलाबांनीं, आणि कोणाकोणाच्या बारशाच्या चलचित्रांनीं. त्या दिवशीं औषध आलें तें शर्टाच्या खिशांतल्या नोटांनीं आणि चिल्लरीनें.

ही कोठी कशी मोजतात तें एकदां समजून घेतलें म्हणजे भीति जाते. चौसष्ट जीबी म्हणजे सुमारें चौसष्ट अब्ज लहान घरें समजा. रोमन अक्षराला एक घर लागतें, आपल्या देवनागरीच्या अक्षराला तीन. फोननें काढलेला एक फोटो चाळीस लाख घरें सहज व्यापतो. तेवढ्या जागेंत मराठी मजकुराचा आठशें पानांचा ग्रंथ मावला असता! त्यांतून फोन चालविणारी मूळ व्यवस्था आपला वांटा आधींच घेऊन बसते, म्हणून डब्यावर छापलेली जागा आणि हातीं येणारी जागा कधींच जुळत नाहीं. उपाय कठीण नाहीं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्यें 'स्टोरेज अँड डेटा' असें एक कलम आहे. तेथें चित्रें आपोआप उतरण्याचें बंद करतां येतें, आणि कोणाच्या संभाषणानें किती जागा अडविली हेंहि दिसतें. आपल्या मातीच्या गल्ल्याचें सोपें होतें. भरला कीं फोडावयाचा, आंत काय आहे हें ठाऊक असे. फोन भरला म्हणजे कोणता फोटो टाकावा आणि कोणता ठेवावा, या विचारांत घरांतल्या मंडळींचा सबंध रविवार जातो, आणि शेवटीं आईचा एकुलता एक फोटो जाऊन गुलाब शिल्लक राहतात.

साठवणीचा विषय निघाला म्हणून तऱ्हाळ्याची आठवण सांगतों. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यांतलें, मंगरूळपीरजवळचें, हल्लीं वाशीम जिल्ह्यांत असलेलें हें गांव. १९३९ सालीं तेथें सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणीं पोटीनचीं, म्हणजे तांब्यांत शिसें-कथील मिसळलेल्या हलक्या धातूचीं. तीं त्या काळची चिल्लरच. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तीं वाचलीं, तेव्हां त्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशीं नांवें निघालीं. पुराणांतल्या राजावळींत हे राजे नाहींत. सुमारें सतरा-अठराशें वर्षें कोणाला त्यांची वार्ताहि नव्हती. जमिनींत पुरलेल्या चिल्लरीनें तेवढी जपली. फोनच्या कोठींत माहिती विजेच्या अति सूक्ष्म भारांच्या रूपानें राहते. फोन वर्षानुवर्षें तसाच कपाटांत पडून राहिला तर तो भार हळूहळू ओसरूं शकतो. म्हणून ज्या घरांत आजोबांचा आवाज किंवा लग्नाचे फोटो एकाच जुन्या फोनांत असतील, त्यांनीं त्यांची दुसरी प्रत आजच अन्यत्र करावी. आणि निवडक दहा-वीस फोटो तरी कागदावर छापून घ्यावे.

वादाचा निकाल विचाराल, तर गोकुळपेठेच्या बाजारांत बसणाऱ्या एका भाजीवालीनें तो केव्हांच लावून ठेवला आहे. तिच्या तराजूला ठिपक्यांची पाटी टांगलेली असते आणि गोणपाटाखालीं चिल्लरीची पिशवी; दहाचें नाणें ती बिनतक्रार घेते, आणि बिनतक्रार परत देते. मागें एकदां तिच्या पिशवींतली चिल्लर संपली होती, आणि माझा फोन घरीं होता. "पाच रुपये तुमचे माह्याकडं राह्यले जी गुरुजी," ती म्हणाली, "उद्या घेऊन जाजा." उद्यां माझें जाणें झालें नाहीं, बारा दिवसांनीं गेलों. मेथीची जुडी पिशवींत टाकतां टाकतां, मी कांहीं बोलण्यापूर्वींच, तिनें पांचाचें नाणें माझ्या हातावर ठेवलें.