चाकाचा परीघ आणि टायरवरचे आकडे



बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार चाकाचा व्यास विचारत नाही. तो चाकाचा घेर मोजतो आणि धाव त्याहून किंचित तोकडी करतो. तापून लाल झालेले लोखंड वाढते, चाकावर बसते आणि पाणी ओतताच आवळले जाते. चौदा फूट घेराची धाव पाचशे अंशांनी तापली, तर सुमारे इंचभर वाढते. या इंचाचा अंदाज चुकला, तर धाव चढत तरी नाही किंवा चढूनही सैल राहते. वर्तुळाचे मापन हे असे पोटापाण्याशी बांधलेले शास्त्र आहे. पाठ्यपुस्तकात मात्र ते सूत्रापुरते उरते.

त्या सूत्राबाबतही एक गैरसमज रुजलेला आहे. पाय म्हणजे २२/७, असे घोकणाऱ्याला ती तंतोतंत बरोबरी वाटते. आर्यभटांनी २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे गुणोत्तर ३.१४१६, आणि तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असे स्पष्ट म्हटले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे व्यवहारापुरते स्थूल मान, असा भेद केला. टायरच्या हिशेबाला ते स्थूल मानही पुरते. तेथे घोटाळा होतो तो पायमुळे नव्हे. कोणते वर्तुळ मोजले आहे, हेच ध्यानात न घेतल्यामुळे.

सायकलच्या दुकानात ‘सव्वीसचा टायर’ मागितला, तर तेवढ्याने काम भागत नाही. २६ × १ ३/८ आणि २६ × २, दोन्ही बाहेरून सव्वीस इंचीच. पण पहिला ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, दुसरा ५५९ च्या. जाड टायरने बाहेरचा घेर भरून काढला, म्हणून आतले वर्तुळ लहान. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमला कदापि लागत नाही.

मोटारीत प्रकार नेमका उलटा. १६५/८० आर १४ यातील १४ हा रिमचा व्यास, इंचांत. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आणि ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, त्या रुंदीच्या ८० टक्के. (एकाच नावात इंच, मिलिमीटर आणि टक्के! परीक्षेत असे एकक-मिश्रण कोणी केले असते, तर गुण गेले असते.) रिमचे ३५५.६ मिलिमीटर, त्यात १३२ मिलिमीटर दोनदा. एकूण व्यास ६१९.६. आता १८५/६५ आर १५ पाहावा: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५. रिम एका इंचाने मोठी, पण बाहेरच्या व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नाही.

याउलट, रिम तीच ठेवून हौसेने १८५/८० आर १४ बसवला, तर व्यास ६५१.६ होतो, म्हणजे पाच टक्क्यांनी अधिक. वेगदर्शकाला रस्ता दिसत नाही. चाकाचे फेरे मोजूनच तो वेग सांगतो. मूळ टायरवर काटा अचूक असेल, तर आता तो ६० दाखवताना गाडी ६३ ने धावत असते आणि शंभर किलोमीटरच्या प्रवासाची नोंद पंचाण्णवच होते. नव्याने गाडी चालवणारी मुले ज्या काट्यावर विश्वास ठेवतात, तो असा नकळत कमी वेग सांगू लागतो. टायर चाकाच्या कमानीला घासण्याचा धोका निराळाच.

पडताळा सोपा आहे. सायकलच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, चाकाचे दहा फेरे सरळ रेषेत फिरवावेत आणि अंतर फीतपट्टीने मोजावे. सव्वीस इंची चाकाला ते सुमारे २०.७ मीटर यावयास हवे. मग कोणीतरी सायकलवर बसावे आणि पुन्हा मोजावे. भाराने टायर दबतो, त्यामुळे या खेपेस अंतर थोडे कमी भरते.