एकाच सीझनचा हिरो: मार्क फिड्रिच

आज गोष्ट बेसबॉलची. नियम माहीत नसले तरी चालेल. पिचर म्हणजे आपला बॉलर, एवढं धरून चला.

1976 साल, अमेरिकेतली डेट्रॉइट टायगर्स टीम. मे महिन्यात ठरलेला पिचर आजारी पडला, म्हणून 21 वर्षांच्या मार्क फिड्रिचला पहिल्यांदा सुरुवातीपासून बॉल मिळाला. त्याने मॅच 2-1 अशी जिंकून दिली.

कुरळे केस, उंच, सडपातळ. 'सेसमी स्ट्रीट'मधल्या बिग बर्डसारखा दिसतो म्हणून नाव पडलं 'द बर्ड'. गडी बॉलशी बोलायचा! गुडघ्यावर बसून पिचिंगच्या जागेची माती हाताने सारखी करायचा. 28 जूनला यांकीजविरुद्धची मॅच देशभर टीव्हीवर दाखवली. स्टेडियममध्ये 47,855 लोक होते, आणि मॅच संपल्यावरही तो पुन्हा बाहेर येईपर्यंत कोणी जागचं हलेना.

त्या सीझनला 19 विजय, 9 पराभव. दर नऊ इनिंगमागे सरासरी फक्त 2.34 रन. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला.

आता एक आकडा नीट ऐका. त्याने 29 मॅच सुरू केल्या आणि त्यातल्या 24 स्वतःच शेवटपर्यंत टाकल्या. आज बऱ्याचदा शंभरेक बॉल झाले की पिचरला बाहेर काढतात. तेव्हा मात्र पूर्ण मॅच टाकणं ही शान होती.

मार्च 1977 मध्ये सरावात गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं. मे अखेरीस तो परतला आणि जुलैत खांद्याने दगा दिला. ऑपरेशननंतर बॉल टाकायची लय बिघडली म्हणून, की आदल्या वर्षीच्या ओझ्यामुळे? छातीठोकपणे सांगता येत नाही.

सर्व्हर स्लो झाला की आपण लॉग उघडतो. याच्या खांद्याचा लॉग कुठे होता? एमआरआय तेव्हा रोजच्या वापरात आलंच नव्हतं. 1980 मध्ये तो शेवटची मोठी मॅच खेळला. एकूण विजय 29, म्हणजे पहिल्या वर्षानंतर फक्त 10. 1985 मध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी निदान केलं: खांद्याचा रोटेटर कफ फाटलेला होता. तोवर तो निवृत्त झाला होता.

पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावाकडे शेतीत आणि ट्रकच्या कामात रमला. 2009 मध्ये, वयाच्या 54 व्या वर्षी, ट्रकखाली काम करताना अपघातात गेला.

मला यातून एवढंच दिसतं: रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. तुमच्या टीममध्ये कोणी "जमत नाहीये रे" म्हणालं, तर आधी त्याचं ऐका, डॅशबोर्ड नंतर बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!