गोवंडीतला मुस्तफा



मुंबईत गोवंडीच्या शिवाजी नगरात चाळिशीच्या कुणालाही ‘मुस्तफा’ विचारून बघा. तो आधी हसेल आणि मग हवेतच जॉयस्टिक हलवून दाखवेल. मुस्तफा म्हणजे एक व्हिडिओ गेम. पाटीवरचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला. एवढं लांबलचक नाव घ्यायला इथे वेळ कुणाला होता? गेममध्ये चार पात्रं. त्यातला पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा कैरो सगळ्यांत चपळ, म्हणून गेमच त्याच्या नावावर झाला. मशीनपुढे तिघांना एकदम खेळता यायचं आणि कॉइन आत पडायच्या आधीच कुणीतरी ओरडायचं, ‘मुस्तफा मेरा!’ उरलेले दोघे मग जॅक नाहीतर हॅनावर भागवायचे.

देशभर हा गेम गाजला, पण गोवंडीत त्याची मजा थोडी वेगळी असणार असं मला वाटतं. सिनेमातला हिरो बहुधा राज नाहीतर विजय. इथे मात्र शेजारच्या घरातल्या पोराच्या नावाचा हिरो गुंडांना आणि डायनोसॉरना लोळवत होता. शिवाजी नगर आणि बैंगनवाडी ही देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागून वसलेली वस्ती. दहा बाय पंधरा फुटांच्या जागेत अख्खं कुटुंब. पोरांनी जायचं कुठे? गल्लीतलं व्हिडिओ गेमचं पार्लर हाच त्यांचा दिवाणखाना. घरच्यांचा त्यावर राग असे, तोही अगदी अवाजवी नव्हता. भाजीचे सुटे पैसे तिथेच गडप व्हायचे.

आता हाच गेम रीतसर विकत घ्यायचा म्हटलं, तर मिळत नाही. कॅपकॉम बंद पडलेली नाही, गेमचे चाहतेही कमी झालेले नाहीत. घोडं अडलं आहे ते हक्कांपाशी. गेमची कथा आणि पात्रं मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली, आणि नावातली कॅडिलॅक ही जनरल मोटर्सची गाडी. प्रोग्राम एकाचा, पात्रं दुसऱ्याची, गाडी तिसऱ्याची. २०१८ साली कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. त्याच्याच वर्षीचा, त्याच घराण्यातला ‘पनिशर’ २०२४ साली पुन्हा बाजारात आला, कारण त्या पात्राच्या मालकाशी, मार्व्हलशी, बोलणी जमली. मुस्तफासाठी तसं कुणी बसलेलं दिसत नाही.

मूळ मशीन जपून ठेवावं, तर तिथेही एक मेख आहे. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने मशीनमधल्या सर्किट बोर्डवरच्या आवाजाच्या प्रोसेसरला कुलूप घातलं होतं, आणि कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकून होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली गेली. मग जाणकार कारागीर भेटला तरच तो बोर्ड पुन्हा उभा राहणार. म्हणजे पैसे मोजून अस्सल माल आणणाऱ्याचंच मशीन आधी आजारी पडणार! आपल्याकडच्या पार्लरांत बनावट बोर्ड सर्रास चालायचे. नकला करणाऱ्यांनी आणि पुढे संगणकावर जुनी मशीनं हुबेहूब चालवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी हा गेम जिवंत ठेवला. कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर त्यातलं बरंचसं चोरीत जमा होतं. मला मात्र या चोरांचे आभार मानावेसे वाटतात.

पार्लरं बंद पडली, मशीनं भंगारात गेली. फळ्या एकीकडे, पिक्चर ट्यूब दुसरीकडे, बोर्ड किलोच्या भावाने. भंगाराचा धंदा तर गोवंडीच्या घरचाच.

त्यानंतर गेम मोबाइलवर आले, आणि आता भंगारात टाकायलाही काही हाती उरत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ अॅप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हरही थांबले. पुढे तो नव्या नावाने परतला, ही गोष्ट वेगळी. १४ फेब्रुवारी २०२२ ला स्वस्तातल्या फोनवरही चालणारा फ्री फायर गेला. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. पण खिशातला गेम दूर कुठेतरी बसलेला माणूस एका दिवसात बंद करू शकतो, हे तेव्हा पोरांना कळलं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ पासून विकलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला असाच बंद केला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांच्याही हाती काही राहिलं नाही. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली हिशेब मांडला. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. आपल्याकडे असा हिशेब कुणी मांडायचा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांत जमा करावी लागते, त्यातलं एक इथे मुंबईतच आहे. सिनेमासाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गेमची प्रत मात्र कुणीच मागत नाही. मुंबईत बनलेल्या गेमचीसुद्धा नाही. चोरीचा हक्क हे माझं मागणं मुळीच नाही. विक्री बंद झालेला गेम एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला तरी रीतसर ठेवता यावा, एवढीच सोय कायद्यात हवी.

तोवर एक विनंती. तुमच्यापैकी कुणी पार्लर चालवलं असेल, तर माळ्यावरचा बोर्ड भंगारवाल्याला देण्याआधी थोडं थांबा. दुकान कुठल्या गल्लीत होतं, कोणती मशीनं होती, कॉइन कितीला होतं, हे एका वहीत लिहून काढा. आणि बोर्डवर बॅटरी असेल, तर तो आजच जाणकाराला दाखवा.